दुहेरी रॅचेटचा कॅल्व्हिंग जॅक: अडलेल्या गाईसाठी कितपत उपयोगी?

मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या कळपात वासरू ओढण्याचा जॅक ठेवावा की नाही, हा वाद जुना आहे. हे अवजार हाताशी असले की माणसाचा धीर सुटतो आणि थोडा वेळ दिल्यास आपोआप बाहेर आले असते असे वासरूही ओढून काढले जाते, असे काहींचे म्हणणे आहे. पहिलारू कालवड अडली, मदतीला दुसरा माणूस नाही आणि पशुवैद्यक यायला वेळ लागणार आहे, अशा प्रसंगी रिकाम्या हातांनी काय करणार, असे दुसरी बाजू विचारते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून या परीक्षणात जॅक किती जोर लावू शकतो याला मी फारसे महत्त्व दिलेले नाही. लावलेला जोर किती थोडा थोडा वाढवता येतो आणि वेळ आल्यावर किती चटकन काढून घेता येतो, या दोन प्रश्नांवर मी त्याची पारख केली आहे. जोर तर सगळ्याच जॅकमध्ये गरजेपेक्षा जास्त असतो.

ज्या संचाबद्दल लिहीत आहे त्यात जोडल्यावर सुमारे १८० सेंटिमीटर लांब होणारा दोन तुकड्यांचा पोलादी दांडा, त्याच्या एका टोकाला गाईच्या मागच्या भागावर टेकणारा रुंद टेकू, टेकू जागेवर राहावा म्हणून कमरेवरून घ्यायचा पट्टा, दांड्यावर सरकणारी रॅचेटची, म्हणजे एकेक दात पुढे जाऊन तेथेच अडून राहणाऱ्या यंत्रणेची पेटी, त्या पेटीला दोन स्वतंत्र हुक, दोन साखळ्या आणि हाताने ओढण्यासाठी दोन मुठी एवढे सामान येते. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच रचनेचे जॅक अनेक उत्पादक बनवतात आणि पुढे जे गुणदोष सांगणार आहे त्यांतले बहुतेक रचनेचे आहेत. बाजारात याहून साधे, एकाच हुकाचे जॅकही मिळतात. त्यांत दोन्ही साखळ्या एकाच हुकात अडकवाव्या लागतात आणि दोन्ही पाय एकदमच ओढले जातात. या दोन प्रकारांतला फरक दुकानात हाताळताना किरकोळ वाटतो, पण अडलेल्या गाईच्या मागे उभे राहिल्यावर तो फार मोठा ठरतो.

दुहेरी रॅचेटमध्ये पेटीची हाताने हलवायची दांडी पुढे ढकलली की एक हुक सरकतो आणि मागे ओढली की दुसरा. म्हणजे वासराचा एक पाय थोडा पुढे येतो, मग दुसरा येतो, आणि वासरू जणू चालत बाहेर येते. याचे कारण शरीररचनेत आहे. डोके आणि पुढचे पाय आधी येत असताना वासराचे दोन्ही खांदे एकाच वेळी गाईच्या कमरेच्या हाडांच्या कड्यात शिरले तर तेथे त्यांची रुंदी सर्वांत जास्त भरते. एक खांदा थोडा पुढे आणि दुसरा थोडा मागे असा तिरका शिरला की तीच रुंदी कमी होते. हाताने ओढणारा जाणकार माणूस नेमके हेच करतो: आधी एक पाय, मग दुसरा. एकहुकी जॅकमध्ये ही सोय नाही. त्यात दोन्ही खांदे एकदम कड्यावर येऊन अडतात, आणि मग दांडीवरचा माणूस अडण्याचे कारण शोधण्याऐवजी आणखी दात चढवत राहतो. केवळ या एका कारणासाठी दुहेरी रॅचेटला मी साध्या जॅकपेक्षा वरचा दर्जा देतो.

आता जोराविषयी. गाय स्वतः कळ देताना वासरावर साधारण ७० किलो वजनाइतके बल लावते, दोन-तीन माणसे मिळून हाताने ओढताना ते १५० किलोच्या आसपास जाते आणि जॅकने ४०० किलोपर्यंत सहज पोहोचता येते, असे या विषयात नेहमी दिले जाणारे आकडे सांगतात. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचा प्रकार तर टनांत मोजावा लागतो, त्यामुळे त्याचा विचारही करू नये. जॅकचा ४०० किलोचा आकडा विक्रेते कौतुकाने सांगतात. मला तो धोक्याची पाटी वाटतो. या बळाखाली वासराच्या पुढच्या पायाची नळी मोडते, बरगड्या आणि पाठीचे मणके मोडतात, मांडीच्या मज्जातंतूला इजा होऊन वासरू मागच्या पायावर उभेच राहू शकत नाही. गाईच्या बाजूने पाहिले तर योनीमार्ग फाटतो, किंवा कमरेच्या हाडांच्या आतून जाणारे मज्जातंतू चेपले जाऊन ती बसल्या जागेवरून उठत नाही. रॅचेटची दांडी हलवणाऱ्या हाताला यातले काहीच जाणवत नाही. दात एकेक करून सहज चढतात आणि कोवळ्या हाडावर वाढलेला ताण मुठीपर्यंत पोहोचतच नाही.

त्यातही एक बारकावा खोक्यावरच्या आकड्यात येत नाही. जॅकचा दांडा खाली दाबला की तो तरफेसारखा काम करतो आणि रॅचेटने आधीच ताणलेल्या साखळीवर आणखी कितीतरी बळ चढते. वासराचे डोके आणि खांदे बाहेर आल्यावर ओढण्याची दिशा गाईच्या मागच्या खुरांकडे, म्हणजे खाली वळवायची असते, कारण वासरू सरळ रेषेत बाहेर न येता कमानीसारखे वळत येते. म्हणून दांडा खाली नेणे योग्यच आहे. मात्र आधी रॅचेटचे एक-दोन दात सोडून साखळी किंचित सैल करावी आणि मग दांडा खाली न्यावा. ताणलेल्या साखळीनिशी दोन माणसांनी दांड्यावर लोंबकळणे म्हणजे वासराचे पाय मोडायला निमंत्रण. या जॅकच्या माहितीपत्रकात दांडा खाली नेण्याचे चित्र आहे, पण आधी ताण कमी करावा ही ओळ नाही. मला ही उणीव गंभीर वाटते.

ताण कमी करण्याची गोष्ट निघालीच आहे, तर या जॅकचा सर्वांत चांगला भाग तोच आहे. पेटीच्या वरच्या बाजूला अंगठ्याने दाबायचा रुंद खटका आहे. तो अर्धा दाबला की हुक एकेक दात मागे येतो आणि पूर्ण दाबला की पेटी दांड्यावर मोकळी सरकते. काही जॅकमध्ये साखळी ताणलेली असताना खटका सुटतच नाही आणि तो सोडवण्यासाठी आधी आणखी ताण द्यावा लागतो. अशी रचना या कामासाठी नालायक आहे. गाय कळ देते तेव्हा ओढायचे आणि कळ ओसरली की थांबून ताण थोडा उतरवायचा, हा या कामाचा मूळ ताल आहे. कळांच्या मधल्या विश्रांतीत गाईला दम घेता येतो, वासराकडचा रक्तप्रवाह सावरतो आणि योनीमार्गाला सैलावायला वेळ मिळतो. प्रत्येक कळेनंतर ताण उतरवणे सोपे असेल तरच माणूस ते करतो. अवघड असेल तर दोनदा करून सोडून देतो. या जॅकचा खटका गर्भजलाने बुळबुळीत झालेल्या हातमोज्यांतूनही नीट दाबता येतो, कारण त्यावर आडव्या खोल खाचा पाडलेल्या आहेत. रचना करणाऱ्याने प्रत्यक्ष काम पाहिले असावे, असे वाटायला लावणारी ही एकमेव जागा.

कमर अडण्याच्या प्रसंगी तर हा खटका फार उपयोगी पडला. एका पहिलारू कालवडीचे वासरू बरगड्यांपर्यंत बाहेर आले आणि तेथेच थांबले. डोके लोंबत होते, जीभ सुजून बाहेर आली होती, आणि पुढच्या दोन कळांत ते तसूभरही हलले नाही. वासराची कमर आडवी रुंद असते, तर गाईच्या कमरेच्या हाडांचे कडे आडव्यापेक्षा उभे जास्त मोकळे असते. म्हणून कमर आहे त्या स्थितीत तेथे बसत नाही. अशा वेळी आणखी ओढण्याने काही साधत नाही. खटका पूर्ण दाबून साखळी सैल केली, नाकपुड्या आणि तोंडातला चिकट द्रव पुसून काढला, छाती मोकळी असल्याने वासराने दोन-तीन उचक्यांसारखे श्वास घेतले. मग साखळ्या हुकांतून काढून, पुढचे दोन्ही पाय एकमेकांवरून तिरके धरून, वासरू किंचित आत लोटत त्याचे धड चतुर्थांश वळणाने फिरवले आणि पुन्हा हुक लावून दिशा सरळ खाली ठेवली. पुढच्या कळेसरशी कमर मोकळी झाली. यात जॅकचे श्रेय एवढेच, की साखळी सोडणे आणि परत लावणे या दोन्ही गोष्टी काही क्षणांत झाल्या. दोन्ही पाय एकाच हुकात आणि ताणाखाली न सुटणारा खटका, असे अवजार असते तर त्या काही क्षणांची मिनिटे झाली असती.

टेकूविषयी मात्र तक्रार आहे. तो निरणाच्या, म्हणजे योनीच्या बाहेरच्या तोंडाच्या खाली, मांड्यांच्या मागच्या बाजूला टेकायला हवा, म्हणजे वासराला बाहेर यायची वाट मोकळी राहते. या टेकूची वरची कड जरा उंच आहे आणि कमरेवरचा पट्टा आखूड ठेवला की ती कड निरणाच्या खालच्या टोकावर येऊन दाबते. ज्या मऊ भागाला या वेळी जास्तीत जास्त ताणले जायचे असते त्यालाच ती आवळून धरते, आणि मग तो भाग फाटण्याची शक्यता वाढते. पट्टा दोन भोके सैल ठेवला तर टेकू योग्य जागी बसतो, पण मग गाय हलली की तो एका बाजूला घसरतो. उंच बांध्याच्या, वाढलेल्या गाईंत हा प्रश्न कमी येतो. कालवडींत तो हमखास येतो, आणि जॅक लागतो तो मुख्यतः कालवडींनाच. टेकूवर रबराचे आवरण आहे हे चांगले, पण ते ओले झाल्यावर गुळगुळीत होते.

दांड्याची लांबी ही सोय आहे आणि अडचणही. वासरू पूर्ण बाहेर येईपर्यंत पेटीला सरकायला जागा मिळते, पुन्हा मागे घेऊन साखळी बांधावी लागत नाही. पण उभी गाय मध्येच बसली किंवा अचानक वळली तर हाच दांडा जोराने फिरतो. माणसाने नेहमी दांड्याच्या बाजूला उभे राहावे. दांडा आणि भिंत, किंवा दांडा आणि जमीन, यांच्या मध्ये कधीही येऊ नये. शक्य असेल तर गाईला आधीच उजव्या कुशीवर आडवे करून काम करणे मला अधिक पसंत आहे: पोटाचा मोठा कप्पा डाव्या बाजूला असल्याने त्याचा भार वासराच्या वाटेवर येत नाही, आणि आडव्या गाईच्या कळाही अधिक परिणामकारक असतात. गाईला खोड्यात घेतले असेल तर ती कोसळली तरी मान आवळणार नाही, अशीच तिची बांधणी असावी. साध्या मोरकीला एका हिसक्यात सुटणारी गाठ मारून बांधणे उत्तम.

हा भाग मांसाच्या कळपात विशेष महत्त्वाचा आहे, कारण या गाईंना रोज धारेला उभे राहायची सवय नसते. माणसाचा हात लागणे हीच त्यांना भीतीची गोष्ट असते, आणि घाबरलेल्या गाईच्या कळा मंदावतात. म्हणून गाय पकडून, तपासून, जॅक लावून मोकळी करणे हे सगळे शांतपणे पण रेंगाळू न देता व्हावे लागते. दोन तुकड्यांचा दांडा जोडण्याची खीळ या संचात स्प्रिंगची आहे आणि ती एका हाताने बसते, हा गुण येथे नोंदवायला हवा. पेटी दांड्यावर सरकताना होणारा कर्कश खडखडाट मात्र टाळता आला असता. त्या आवाजाने कालवडी दचकतात.

साखळ्या चांगल्या आहेत. कड्या गोल आणि गुळगुळीत आहेत, सांध्यावर झाळकामाचे टोक लागत नाही आणि लांबी पुरेशी आहे. लांबी यासाठी लागते की प्रत्येक पायाला दोन ठिकाणी वेढा द्यायचा असतो: पहिला फास खुरावरच्या सांध्याच्या वर आणि दुसरा अर्धवेढा त्या सांध्याच्या खाली, खुराच्या वरच्या अरुंद भागावर. बळ दोन जागी विभागले गेले की हाड मोडण्याचा धोका कमी होतो. एकाच फासावर, आणि तोही नेमका सांध्यावर टाकून ओढणे ही फार वेळा दिसणारी घातक सवय आहे. काही जण साखळीऐवजी नायलॉनचे पट्टे वापरतात. ते रुंद असतात खरे, पण विणीत घाण आणि ओल साठून राहते आणि ते नीट निर्जंतुक होत नाहीत. साखळी उकळता येते.

संचासोबत वंगणाच्या पावडरीची एक बाटली भेट म्हणून येते, आणि येथे इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही पॉलिथिलीन पॉलिमरची पावडर पाण्यात कालवली की अतिशय निसरडे, तार सुटणारे वंगण बनते आणि ते काम उत्कृष्ट करते. पण गर्भाशय फाटले असेल किंवा नंतर सिझेरियन करावे लागले आणि हे वंगण पोटाच्या पोकळीत उतरले, तर ते जनावराच्या जिवावर बेतते. सिझेरियनची जरादेखील शक्यता असेल तेथे ही पावडर वापरू नये. सेल्युलोजपासून बनवलेले, पशुवैद्यकांकडचे तयार वंगण वापरावे. कपडे किंवा भांडी धुण्याचा साबण तर मुळीच नको, कारण तो वाटेतला नैसर्गिक बुळबुळीतपणाच धुऊन काढतो आणि आतला नाजूक थर सुजतो. बाटलीवर बारीक अक्षरांत सूचना आहे, पण जॅकच्या माहितीपत्रकात एक शब्दही नाही. वंगण भरपूर, वासराच्या डोक्याभोवती आणि खांद्यांपर्यंत आत पोहोचेल असे लावावे. जॅकचे दहा दात वाचवायला अर्धा लिटर वंगण पुरेसे होते.

खरे तर माहितीपत्रकातली सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. त्यात जॅक कसा लावावा याची चित्रे आहेत, पण कधी लावू नये याची एकही ओळ नाही. पाणमोट फुटल्यावर किंवा खूर दिसू लागल्यावर अनुभवी गाय अर्ध्या तासात आणि पहिलारू कालवड तासाभरात काहीच प्रगती दाखवत नसेल तर हात धुऊन, लांब हातमोजा घालून, वंगण लावून आत तपासावे आणि त्यानंतरच जॅकचा विचार करावा. गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडले आहे का, आत जे पाय लागतात ते पुढचे की मागचे, ते एकाच वासराचे आहेत का, डोके पायांवर सरळ आहे की मागे वळले आहे, हे सगळे कळल्याशिवाय साखळी उचलूही नये. पाय ओळखण्याची खूण सोपी आहे: खुरावरचा सांधा आणि त्याच्या वरचा मोठा सांधा एकाच दिशेला वाकत असतील तर पाय पुढचा, विरुद्ध दिशांना वाकत असतील तर मागचा. केवळ शेपूट हाताला लागली, दोन्ही मागचे पाय पोटाखाली दुमडलेले असले, तर आधी वासरू आत लोटून, खुरावर तळहात झाकून एकेक पाय बाहेर आणावा लागतो. तेथे जॅक निरुपयोगी आहे. योनीमार्गाच्या भिंतीला मळसूत्रासारख्या घड्या लागल्या तर गर्भाशयाला पीळ पडला आहे असे समजावे. तो पीळ गाईला लोळवून किंवा आतून फिरवून आधी सोडवावा लागतो, आणि हे पशुवैद्यकाचे काम आहे. पिळलेल्या गर्भाशयातून जॅकने ओढणे म्हणजे ते फाडणे.

वासरू या वाटेने येणार की नाही, याचीही एक जुनी कसोटी आहे. डोके आणि पुढचे पाय सरळ येत असतील तर हाताने, दोन माणसांच्या बळाने, आधी एक पाय असा ओढून पाहावा की खुरावरचा सांधा निरणाच्या बाहेर तळहाताच्या रुंदीइतका येईल. तसे झाले की तो खांदा हाडांच्या कड्यातून पार झाला. तो तसाच धरून दुसऱ्या पायाचे तेच करावे. दोन्ही खांदे असे पार झाले तर जॅकने पुढचे काम होऊ शकते. दुसरा पाय येताच पहिला आत जात असेल, दोन्ही खूर एकमेकांवर फुलीसारखे चढले असतील, किंवा वासराचे कपाळ आणि गाईचे हाड यांच्यामध्ये बोटेही जात नसतील, तर जॅक बाजूला ठेवून सिझेरियनसाठी बोलावणे पाठवावे. बेल्जियन ब्लूसारख्या दुहेरी मांसल जातींत, जेथे मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातील बदलामुळे वासराच्या मांड्या आणि खांदे जन्मतःच भरलेले असतात, सिझेरियन हाच नेहमीचा मार्ग मानला जातो आणि तेथे जॅकची ही सगळी चर्चाच गैरलागू ठरते.

पायाळू वासरासाठी, म्हणजे मागचे पाय आधी येणाऱ्या वासरासाठी, हा जॅक मला आवडला, पण एका अटीवर. मागच्या पायांचे मोठे सांधे निरणाच्या बाहेर आले की कमर कड्यात शिरली असे धरता येते. तोपर्यंत घाई अजिबात करू नये. त्यानंतर मात्र थांबायला वाव नाही. वासराची नाळ आता कड्यावर दाबली जाते, डोके अजून आत द्रवात असते, आणि ते श्वास घेऊ पाहिले तर द्रवच आत ओढते. अशा वेळी पुन्हा साखळी बांधायची वेळ न येता पेटी शेवटपर्यंत सरकते, हा लांब दांड्याचा खरा फायदा. पेटीवर एक चावी आहे, ती फिरवली की दोन्ही हुक एकत्र चालतात; खांद्यांची अडचण नसताना त्याने काम वेगाने होते.

वासरू बाहेर आल्यावर त्याला फाटकावर उलटे टांगण्याची पद्धत अजूनही दिसते. त्याने जो द्रव पडताना दिसतो तो बहुतांशी पोटातला असतो, आणि आतड्यांचा भार छातीच्या पडद्यावर येऊन श्वास आणखी कठीण होतो. वासराला पाय दोन्ही बाजूंना घेऊन छातीवर बसवावे, नाकात गवताची काडी फिरवावी, अंग खरखरीत कापडाने चोळावे. मांसाच्या कळपात चीक काढून पाजण्याची रोजची व्यवस्था नसते. वासरू स्वतः उठून पिईल असे गृहीत धरलेले असते. जॅकने काढलेले वासरू दमलेले, कधी जीभ सुजलेले असते आणि ते वेळेत उठतेच असे नाही. म्हणून पहिल्या दोन-चार तासांत चीक पोटात गेला की नाही हे पाहणे, आणि गेला नसेल तर काढून पाजणे, ही जॅक वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. गाय उठायला लावून, वासरू तिच्या नाकापुढे ठेवून बाजूला व्हावे. त्रासलेली पहिलारू कधी वासराला हुंगतही नाही, तर कधी वासराजवळ उभ्या असलेल्या माणसावरच धावून येते.

धुण्याच्या बाबतीत हा संच मध्यम आहे. दांडा आणि टेकू सहज स्वच्छ होतात, पण रॅचेटची पेटी बंद असल्याने आत गेलेला गर्भजलाचा आणि रक्ताचा अंश वाळून दातांत बसतो. ती उघडायला चार बोल्ट सोडावे लागतात आणि त्यासाठी लागणारा पाना संचात नाही. प्रत्येक वापरानंतर एवढा खटाटोप कोणी करत नाही, आणि मग पुढच्या वेळी नेमका तो सुंदर खटका अडखळू लागतो. पेटीच्या तळाशी दोन भोके ठेवली असती तर पाण्याचा फवारा मारून भागले असते.

घ्यावा कोणी? ज्यांच्या कळपात दरवर्षी पहिलारू कालवडी विणार आहेत, ज्यांना आत हात घालून वासराची स्थिती ओळखता येते आणि ज्यांच्याकडून पशुवैद्यक यायला वेळ लागतो, त्यांनी जॅक ठेवावा आणि ठेवायचा तर दुहेरी रॅचेटचाच ठेवावा. दोन-चार गाईंच्या मालकाने यात पैसे घालण्याऐवजी चांगल्या साखळ्या, मुठी आणि सेल्युलोजचे वंगण घेऊन ठेवावे; दोन माणसांनी बसून, कळेबरोबर ओढून जे वासरू येत नाही, त्याला बहुधा जॅकपेक्षा पशुवैद्यकाची गरज असते. ज्या कळपात जॅक वारंवार काढावा लागतो तेथे अडचण अवजाराची नसते. कालवडी पूर्ण वाढीच्या वजनाच्या साधारण ६५ टक्के वजन गाठण्याआधीच गाभण केल्या जात असतील, किंवा त्यांना जड वासरे देणारा वळू लावला जात असेल, तर ते आधी बदलावे. जॅक लागलेल्या प्रत्येक गाईची नोंद ठेवली की कोणत्या वळूची वासरे अडतात ते दोन हंगामांत दिसू लागते. संच घेतलाच तर खोके उघडल्यावर पहिल्यांदा टेकूच्या वरच्या कडेला जाड रबर चढवून घ्यावे, पट्ट्याला एक जादा भोक पाडावे, पेटीच्या बोल्टला बसणारा पाना दांड्यालाच बांधून ठेवावा, आणि रिकाम्या हुकांवर खटक्याचा भरपूर सराव करावा, म्हणजे अंधारातही अंगठ्याला त्याची जागा सापडेल.